वेगळ्या आहेत

उद्यमबागेत, भट्टीच्या मागच्या खोलीत,
जिथं पंख्याच्या पात्यालाही काळी वाळू चिकटते,
मी ड्रॉइंगं सांभाळते.
पंपाची कवचं, व्हॉल्व्हची बुडं,
एक उसाच्या चरकाचं दातेरी चाक, ज्याची ऑर्डर कधी आलीच नाही.
प्रत्येक बदलाची नोंद आहे: कुणी केला, कधी, किती वाजता.
काय केला, ते मात्र नाही.

चौदावी आणि पंधरावी आवृत्ती शेजारी ठेवली
की सॉफ्टवेअर म्हणतं:
बायनरी फाइली वेगळ्या आहेत.
बस्स. भांडणात साक्षीला बोलावलेला शेजारी
म्हणतो ना, झालं काहीतरी खरं,
मी मात्र तेव्हा परसात होतो.

मजकुराचं बरं असतं.
गेलेली ओळ लाल, आलेली हिरवी.
एक वेलांटी पहिलीची दुसरी झाली तरी पकडता येते.
ड्रॉइंगात रेघ केसभर सरकते
आणि आतले सगळे आकडे कूस बदलून झोपतात.

हुबळीहून बेचाळीस कवचं परत आली.
बोल्ट आवळताना ओठ फुटले म्हणे.
टेम्पोतून उतरवतानाच मौनेशप्पा बडिगेरनं
एकाच्या ओठावरनं अंगठा फिरवला.
"ब्यारे ऐती."
वेगळं आहे.
किती, ते त्याला सांगता येईना.
चाळीस वर्षं सागवानी पॅटर्न तासलेला अंगठा,
त्याला कळतं, पण तो आकड्यात बोलत नाही.

त्या संध्याकाळी अनगोळला घरी आले तर
आई ट्यूबलाइटखाली उभी,
नळपट्टीचा जुना कागद नव्यावर ठेवून उजेडाला धरलेला.
बाजारात ती कानडी फडाफडा बोलते,
वांग्याचा भाव कानडीतच पाडते,
वाचता मात्र येत नाही.
"गेल्या वेळचा हा नव्हे," म्हणाली.
काय बदललंय?
"ते तू वाच की."

मी वाचलं. मोठ्यानं, ओळीनं, मराठीत.
घर नंबर तोच. मीटर तोच. थकबाकी शून्य.
चौथ्या ओळीत बाबांचं नाव नव्हतं.
तिचं होतं.
आईनं कागदांच्या घड्या केल्या,
पुन्हा उलगडल्या.
"परत वाच," म्हणाली. "तेवढीच ओळ."

जेवण झाल्यावर मी स्कूटी काढून कारखान्यात गेले.
वॉचमननं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.
सेटिंगमध्ये एक ओळ घातली:
तुलना करायच्या आधी फाइलला बोलती कर.
मग एक छोटा प्रोग्रॅम, जो ड्रॉइंग उघडतो
आणि त्यातलं प्रत्येक माप
एकेका ओळीवर, साध्या शब्दांत लिहून काढतो.
दोनदा चुकला. तिसऱ्यांदा
तीनशे बारा ओळी सरसर उतरल्या,
आणि त्यात एकच रंगीत जोडी.
ओठाची जाडी सहा, लाल.
ओठाची जाडी साडेचार, हिरवी.

शेजारी तारीख, अकरा मार्च, रात्री नऊ चाळीस.
शेरा: किरकोळ.
नाव माझं.

भट्टी थंड होती. तरी खोलीत गरम होत होतं.
अकरा मार्चला काय झालं होतं, आठवून पाहिलं.
काही नाही. घरी जायची घाई.

सकाळी हुंदरे साहेबांच्या टेबलावर
ते पान छापून ठेवलं, नावासकट.
साहेबांनी वाचलं, चष्मा काढला,
चहा सांगितला. एक माझ्यासाठीपण.
त्यानं जास्त लागलं.

मौनेशप्पा पॅटर्नवर नवा ओठ चढवत होता.
पान त्याला दाखवलं तर त्यानं हातात घेतलं,
उलटं-सुलटं बघितलं आणि भुश्यावर ठेवलं.
ही अक्षरं त्याची नव्हेत.
"एष्टु?" त्यानं विचारलं. किती?
कुणी, हे विचारलं नाही.

"ओंदूवरे," मी म्हटलं.
दीड.

त्यानं फुटक्या कवचावर अंगठा ठेवला,
डोळे मिटून ते दीड मोजलं.
"हौदु," म्हणाला,
आणि रंधा उचलला.